आधी साहेब, मग माती

नाही नाही नाही, मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई, हे मला सांगूच नका! हेच, अगदी हेच वाक्य आईच्या मयतात माईक सांभाळणाऱ्या मायेलो मास्तरानं त्या शनिवारी म्हटलं आणि तुम्हाला सांगतो, माझं डोकं असं सणकलं... घाई नाही कशी? माझ्या आईला होती घाई! माझी आई, नासाम्बू, जन्मभर वाट बघत जगली. नळाची वाट, रस्त्याची वाट, दवाखान्यात डॉक्टरची वाट. आणि जाताना माझा हात धरून काय म्हणाली? "खाएम्बा, या पुढाऱ्यांची मी लई वाट बघितली रे. माझ्या मयताला मात्र त्यांच्यासाठी थांबू नकोस. दुपारचा पाऊस यायच्या आत मला माती दे." बस्स! एवढंच मागितलं बाईनं. मी म्हटलं, "देतो, आई." दिला शब्द! न द्यायला काय झालं होतं? खड्डा आपला, जमीन आपली, आई आपली...

आणि सकाळी बघतो तर काय, पेटी अंगणात, खड्डा तयार, पाद्रीबाबा तयार, ऊन लख्ख पडलेलं, आणि मास्तर माईकवर ओरडतोय, "मंडळी, साहेब निघालेत!"

कोण साहेब? आमचे खासदार, माननीय नाबिस्वा! बोलावलं कुणी? मुख्वाना मामानं! सख्खा भाऊ आईचा! मी मामाला गोठ्यामागं घेतलं. म्हटलं, "मामा, अहो आईनं काय सांगितलं होतं?" मामा माझ्यावरच खेकसला, "मांडव कुणाचा? खुर्च्या कुणाच्या? हा माईक काय तुझ्या गॅरेजमधून आलाय? आणि मयताला खासदार नाही आला तर गाव काय म्हणेल? नासाम्बू काय बेवारस होती?" आता बोला! मांडव बघितला असतात तुम्ही... चारी बाजूंनी साहेबांचा फोटो, हा एवढाला, सगळे दात बाहेर. आणि त्या दातांखाली माझी आई डोळे मिटून पडलेली. म्हटलं, ठीक आहे. मांडव त्यांचा आहे, थांबू थोडं. निघालेत म्हणजे पोचतीलच की.

निघालेत! अहो, शनिवारचा दिवस, साहेबांना काय एकच मयत असतं? निवडणूक जवळ आली की त्यांना मेलेली माणसं जिवंत माणसांपेक्षा प्रिय होतात. इथं डोळे पुसायचे, हेलिकॉप्टरनं उडायचं, तिथं पुसायचे, पुन्हा उडायचं... आणि आमचा मास्तर दर गाण्यानंतर, "मंडळी, साहेब निघालेत!" भजनी मंडळाचा घसा बसला. पाद्रीबाबांचं प्रवचन संपलं, त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. दूरच्या नातेवाइकांचं आईच्या आठवणी सांगून झालं, मग ज्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं ते सांगायला लागले!

आणि लोक काय म्हणत होते तिथं बसून? फुलं वाहत होते साहेबांवर? छे! माझी नेलिमा आत्या, तिनं तर तोंडाचा पट्टाच सोडला होता. "मेला चोर! आमच्या मतावर पोट वाढवलं मेल्यानं! येऊ दे, पायातली चप्पल काढून मारते की नाही बघ!" आणि हे म्हणत म्हणत बाई काय करत होती? साहेबांसाठी राखलेल्या कोंबडीच्या रश्श्यावर माश्या बसू नयेत म्हणून केळीचं पान हलवत होती! मी म्हटलं, "आत्या, चप्पल मारायची आहे ना, मग कोंबडी कशाला?" तर म्हणते, "पाहुणा तो पाहुणा. आपली रीत आपण कशाला सोडायची?"

लोक म्हणतात, पुढाऱ्यांवरचा विश्वास उडाला, उडाला. अहो, तो काय साहेबांसारखा एका झटक्यात उडतो? तो रोज थोडा थोडा झिजतो. आमच्या दारातला नळच घ्या. मागच्या निवडणुकीत साहेबांनी उद्घाटन केलं. सिमेंटचा चबुतरा, त्यावर चकचकीत तोटी, लाल फीत. साहेबांनी तोटी फिरवली, धो धो पाणी! माझी आई नाचली हो, त्या वयात! दुसऱ्या दिवशी पहाटे हंडा घेऊन गेली. तोटी फिरवली, आणि आतून एक कोळी बाहेर आला. नळाला खाली नळीच नव्हती! झुडपामागं टँकर उभा करून त्याचं पाणी तोटीला जोडलं होतं, तो गेला साहेबांच्या मागोमाग पुढच्या गावाला. आई हसली? रडली? काही नाही. घरी आली, शेळी घेऊन गेली आणि त्या तोटीला बांधली. म्हणाली, "कशाला तरी उपयोग होऊ दे." तरी मतदानाच्या दिवशी अंधारात उठून रांगेत उभी! मी म्हटलं, "आई, कशाला?" "अरे, एखादा तरी खरा निघेल."

तर मी काय सांगत होतो... हां, ढग! डोंगराकडून ढग उठले. काळे, भरलेले. मी मास्तराकडे गेलो, म्हटलं, "मास्तर, आटपा आता." आणि तेव्हा तो माईकवरून म्हणाला, सगळ्यांदेखत, "मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई? साहेब निघालेत!"

खलास! मी चार भाऊबंद उठवले, म्हटलं, "उचला!" उचलली पेटी. मामा आडवा आला, त्याला बाजूला सारला. निघालो खड्ड्याकडे, केळीच्या बागेतून, जीव हलका झाला हो माझा, म्हटलं, आलो आई, पोचलोच... आणि वरून आवाज. फड-फड-फड-फड! हेलिकॉप्टर!

आता खोटं वाटेल तुम्हाला, पण पेटी खांद्यावर असलेली ती माणसं, रक्ताची माणसं, एकमेकांकडे बघितलं त्यांनी, पेटी ठेवली गवतात, आणि पळाली! शाळेच्या मैदानाकडे! सगळं गाव पळालं! म्हातारे पळाले, भजनी मंडळ पळालं, पाद्रीबाबा झगा वर धरून पळाले! केळीच्या बागेत उरलं कोण? मी, आई, आणि आत्याचा एक कोंबडा, तो तेवढा साहेबांच्या वाट्यातून सुटला होता. आणि पहिला थेंब पेटीच्या झाकणावर पडला. टप्! अहो, मी झाकणावर आडवा झालो. काय करणार? एवढ्या मोठ्या आकाशाला एक माणूस किती पुरणार?

आले साहेब. मिरवत आणले त्यांना, वर छत्री धरून. पेटी पुन्हा मांडवात! आणि साहेब माईकवर, रुमाल डोळ्याला, "नासाम्बू आई! माझीही आई होती ती! मला म्हणायची, लेका, तूच आमचा आधार!" कधी म्हणाली? कुठं म्हणाली? शेळी बांधताना? आणि पुढं काय म्हणाले सांगू? "तिच्या आठवणीसाठी या गावाला मी नळ देणार!" आणि टाळ्या!! कडकडाट! नेलिमा आत्यानं तर, त्या चप्पलवालीनं, खुर्चीवर उभं राहून जीभ हलवत अशी आरोळी ठोकली की लग्नातसुद्धा कुणी ठोकत नाही! मी म्हटलं, "आत्या!" तर म्हणते, "अरे, काय बोलतो मेला! चोर आहे, पण बोलतो काय!"

तिथं माझं सुटलं. गेलो आणि साहेबांच्या हातातून माईक घेतला. काय बोललो ते धड आठवत नाही. "पुरे झालं! ही बाई जन्मभर तुमची वाट बघत राहिली. मेल्यावरसुद्धा तिला थांबवता? नळ नको, भाषण नको, मला माझ्या आईला माती देऊ द्या!" रडत होतो मी. लाज नाही वाटत सांगायला, ढसाढसा रडत होतो. आणि मग... टाळ्या. साहेबांपेक्षा जास्त! आणि साहेब, काय माणूस आहे बघा, क्षणात म्हणाले, "बरोबर बोलतोय पोरगा!" आणि खड्ड्यापाशी येऊन स्वतः फावडं उचललं! फोटोवाले पुढं, साहेब माती ओढतायत, खच्याक, खच्याक! पण त्याआधी पेटी खाली गेली तेव्हा खड्ड्यात पाणी साचलं होतं. पेटी टेकल्याचा आवाज आला. ऐकवला नाही हो मला तो आवाज. शब्द दिला होता मी.

आणि तिथंच, खड्ड्याच्या काठावर, साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून कानात काय म्हणाले? "छान बोलतोस. कुणी पाठवलं तुला? त्या वान्यामाचा माणूस का तू?" कोण वान्यामा? म्हणे, साहेबांच्या विरोधात उभा राहणारा! मी म्हटलं, "साहेब, माझी आई आहे ती." "हो रे, आई तर सगळ्यांनाच असते," म्हणाले आणि उडाले.

बरं, ते पुढारी! आपली माणसं? मुख्वाना मामा जवळ आला, माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी, मला वाटलं चूक कळली. म्हणतो, "लबाडा! वॉर्डातून उभा राहणार हे मामाला आधी सांगायचं नाही? आईच्या मयतात सुरुवात केलीस, डोकं आहे तुला!" आत्या म्हणते, "किती घेतलेस वान्यामाकडून?" दुसऱ्या दिवशी गॅरेजवर एक जण आला, मोटारसायकल दुरुस्त झाली, पैसे देईना! म्हणतो, "आता तुम्ही उभे राहणार, म्हणजे आमच्याकडून कसले पैसे घेता?" आणि माझी बायको, नांजाला, माझ्याबरोबर चिखलात उभी राहून रडलेली माझी बायको, भाकरी वाढता वाढता खालच्या मानेनं विचारते, "खरं सांगा... उभे राहणार आहात का?"

अहो, मी ओरडून सांगतोय सगळ्यांना! मला नाही उभं राहायचं! मला फक्त माझ्या आईला वेळेवर माती द्यायची होती! तर मामा हसतो, म्हणतो, "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात रे."

तुम्हाला तरी पटतंय ना? तुम्ही तरी... काय? काय म्हणालात, अहो मागचे गृहस्थ? मोठ्यानं बोला... चिन्ह? चिन्ह कुठलं?

विचारा, विचारा. तुमच्या जागी मी असतो ना, तर मीही हेच विचारलं असतं.