खाडीच्या वामीची नळी

नाही हो, एवढी घाई करू नका — पाच मिनिटांत काही बर्फ वितळत नाही. बसा त्या स्टुलावर. डबा कुणाला द्यायचा, माहितीये ना? प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर, बाईंच्या हातात. बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. वाटत नाही? चालायचंच, कुणालाच वाटत नाही.

डब्यात काय आहे म्हणता? दोन नळ्या — एकीत वरच्या नदीतल्या वामीच्या पराचा नखाएवढा तुकडा, दुसरीत खाडीतल्या वामीचा. वाम म्हणजे ही, टाकीत सापासारखी वळवळतेय ती. मासाच आहे, घाबरू नका. टाकीत खाते-पिते, वाढते, पण अंडी काही घालत नाही; पिल्लं दरवर्षी नदीच्या मुखाशी जाऊन धरून आणायची, आणि तीही आता मिळेनाशी झालीत. म्हणून धाकटी हिचा जीनोम वाचतेय — म्हणजे हिची सगळी कुंडलीच, वाम मुळात आली कुठून, बदलत कशी गेली इथपासून. त्यावरून जोड्या ठरवणार, टाकीतच पिल्लं काढणार. चांगलंय. मी कुठं वाईट म्हणतेय?

पण एकवीस वर्षं यांना खायला कोण घालतंय? मी. वरची कुठली नि खाडीची कुठली, डोळे मिटून नुसत्या हातानं सांगते — वरचीचा पीळ घट्ट असतो. धाकटी म्हणते, ताई, सगळ्या वामी लाखो वर्षं एकाच समुद्रात जाऊन अंडी घालतायत, वरची-खालची असं काही नसावं, तरी तपासून बघू. तपासून बघू म्हणे. आयत्या बिळावर नागोबा. पेपरात फोटो आला तिचा, वाम हातात घेऊन — धरून मी दिली होती, कडेला माझा अंगठा दिसतो. आणि बाबा — मासा धरायला मलाच शिकवलं त्यांनी — पाहुण्यांना काय सांगायचे? ही धाकटी, शास्त्रज्ञ आहे. आणि ही मोठी, ही इथंच असते. जळते मी तिच्यावर, उगाच कशाला लपवू.

म्हणून मागच्या खेपेला — तुम्ही नव्हता, दुसरा कुणी आला होता — मी दोन्ही नळ्यांत एकाच वामीचे तुकडे घातले. वर चिठ्ठ्या मात्र दोन. म्हटलं, बघू यंत्राला कळतं का. हात दाखवून अवलक्षण. कळलं ना — हे दोन मासे नव्हेतच, एकच जीव आहे, असं स्वच्छ कळलं. मला वाटलं, आता भांडेल, साहेबांना सांगेल, माझी नोकरी जाईल. तर नाही. चूक स्वतःच्या अंगावर घेतली तिनं, आणि मला दोन ओळी — ताई, नमुने पुन्हा लागतील, सवडीनं पाठव. सवडीनं. भांडली असती तर बरं झालं असतं हो. आता चांगुलपणातही तीच पुढं.

आज शेवटचे नमुने. हे चुकले तर हंगाम गेला आणि तिचं कामच बंद, असं साहेब म्हणाले. होऊ दे की बंद. येईल मग इथं, घासेल माझ्या शेजारी टाक्या, आणि कुणी आलं की मीच सांगेन — ही माझी धाकटी, ही इथंच असते...

काय बघताय? खाडीच्या टाकीकडे? हो, कुलूप आहे. सकाळपासून काढलंच नाही मी ते, आणि नळ्या तर दोन्ही आजच भरल्यात.

द्या तो डबा इकडे. द्या म्हणते ना. आणि ती गुंगीच्या औषधाची बादली जरा अलीकडे सरकवा — आता तोंडातून अवाक्षर काढू नका, खाडीची वाम धरताना मला कुणी बोललेलं चालत नाही.