सारणात शेवग्याचा पाला

लिगाया : नानाय, हात जोडते, शेवग्याचा पाला नका घालू सारणात.

रोसेन्दा : का गं? गेल्या महिन्यापर्यंत पाला नसला की नवराबायको दोघं ताटावर नाक मुरडत होतात.

लिगाया : गेला महिना वेगळा होता. मयताच्या घरात शेवगा शिजवत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच शिकवलंत. देठ ओढला की पानं एकामागून एक निघतात, तशी घरातली माणसं जातात.

रोसेन्दा : बरोबर शिकवलं. मयताच्या घरात. इथं कोण मेलंय?

लिगाया : नानाय...

रोसेन्दा : घे की नाव. नाही ना घेववत? मग पाला निवड. आणि तो कोबी नीट पिळ, सूनबाई. पाणी राहिलं की पारी फाटते.

लिगाया : आज मयताच्या प्रार्थनेचा नववा, शेवटचा दिवस आहे. सहाला सगळे जमतील. त्यांच्यासाठीच करतोय ना आपण लुम्पियाच्या या सुरळ्या?

रोसेन्दा : तू त्यांच्यासाठी कर. मी माझ्या लेकासाठी करतेय. उपाशी येईल तो. कढई एकच आहे, भांडू नकोस.

लिगाया : वादळाला अकरा दिवस झाले. तटरक्षकांनीसुद्धा शोध थांबवला.

रोसेन्दा : त्यांचं काय जातंय थांबवायला? त्यांनी का त्याला पोटात वागवलंय?

लिगाया : आठ दिवस शेजारच्या आलिंग पासिंगच्या ओट्यावर प्रार्थना चाललीय, कारण तुम्ही इथं होऊ देत नाही. माझ्या नवऱ्याची प्रार्थना, आणि मी पाहुणीसारखी मागच्या बाकावर. घरी आलं की तुमच्यासमोर रडायची चोरी. आज शेवटचा दिवस तरी त्याच्या घरात होऊ दे. एवढंच मागतेय.

रोसेन्दा : सारण गार होऊ दे आधी. ऊन ऊन भरलंस तर पारीला घाम सुटतो, मग कितीही तळ, कुरकुरीत होतच नाही. घाई वाईट. मी एकदा केली होती घाई.

लिगाया : तातायच्या वेळी.

रोसेन्दा : आर्नेल पोटात होता. त्याचा बाप असाच वादळात सापडला. सगळे म्हणाले, गेला. मीही म्हटलं, गेला. काळं नेसले, नवव्या दिवशी अख्ख्या गावाला जेवू घातलं. आणि बाराव्या दिवशी हा बाबा दारात उभा! घरात भाताचं शीत नव्हतं. त्याच्याच प्रार्थनेला आलेल्यांनी सगळं फस्त केलं होतं.

लिगाया : अजून हसतं गाव त्यावर.

रोसेन्दा : तोही हसायचा. पण दारू पोटात गेली की म्हणायचा, ‘रोसेन्दा, नऊच दिवस वाट बघितलीस गं माझी?’ वीस वर्षं ऐकलं मी. खाटेवर मरायला टेकला होता, तेव्हाही तेच. आता लेकाच्या तोंडून ऐकायचं नाही मला.

लिगाया : पण प्रार्थना केली म्हणून ताताय यायचे राहिले का? आलेच ना? मग आजच्यानं तरी काय अडणार आहे? यायचा असला तर येईल.

रोसेन्दा : वकिलीण झालीस. घट्ट वळ ती, सैल राहिली की तेल पिते. कडेला पिठाचं बोट लाव. हं. शिवण खाली ठेवून सोड.

लिगाया : नानाय, काल बेर्तिंग आला होता माझ्याकडे.

रोसेन्दा : आच कमी कर.

लिगाया : होडीत तो आणि आर्नेल, दोघंच होते. त्याला तिसऱ्या दिवशी बाहेर काढलं. त्यानं डोळ्यांनी...

रोसेन्दा : आच कमी कर म्हटलं ना!

लिगाया : केली! केली कमी! आता ऐका. बेर्तिंगचा हात मोडला होता. होडी उलटल्यावर आर्नेलनं आपल्या कमरेची दोरी सोडली आणि त्याला होडीच्या बांबूला बांधलं. स्वतः नुसता हातांनी धरून होता. दुसऱ्या दिवशी दुपारी हात सुटले. गेला तो वर आलाच नाही. कालपासून गिळून बसलेय हे. तुम्ही दोन घास खाता ते त्याच्या आशेवर, म्हणून.

रोसेन्दा : माझ्याकडे आधी आला होता.

लिगाया : कोण?

रोसेन्दा : बेर्तिंग. सोमवारी, दवाखान्यातून थेट, हात गळ्यात बांधलेला. मी म्हटलं, बस, जेव. त्यानं तोंड उघडलं की मी भात वाढायचे. तीनदा वाढला. बिचारा रडत रडत जेवला आणि गेला.

लिगाया : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

रोसेन्दा : मी ऐकलं नव्हतं. ऐकलं नाही तोवर झालं नव्हतं.

लिगाया : आणि मी एकटी जळत होते इथं. तुमच्याच शेजारी.

रोसेन्दा : हो गं. चुकले मी. शेवटी काय म्हणाला माझा लेक? म्हणाला असेल ना काहीतरी.

लिगाया : नको ना.

रोसेन्दा : सांग.

लिगाया : म्हणाला, ‘नानायला सांग, वाट बघू नकोस म्हणावं. ती बघत बसेल.’

(कढईतून करपल्याचा वास येतो.)

रोसेन्दा : करपल्या बघ. काढ त्या.

लिगाया : राहू दे हो. रडा तुम्ही.

रोसेन्दा : स्टूल दे. पोहायला मीच शिकवलं होतं त्याला. इथंच, धक्क्याजवळ. नीट शिकवलं नाही का गं मी?

लिगाया : नीटच शिकवलंत. दोन दिवस तगला तो. मोडक्या माणसाला जगवून गेला.

रोसेन्दा : इकडे ये. जवळ ये अशी. आता कशाला दाबतेस? मोठ्यानं रड. गावानं ऐकलं तर ऐकू दे.

लिगाया : नानाय...

रोसेन्दा : हं. हं, पोरी.

पासिंग : रोसेन्दा? अगं, रडणं ऐकू आलं म्हणून खिडकीशी आले. रागावू नकोस हं, आज शेवटचा दिवस, म्हणून आपलं विचारते. खुर्च्या माझ्याच ओट्यावर मांडू ना?

रोसेन्दा : इथं मांड.

पासिंग : इथं? तुझ्या घरात?

रोसेन्दा : तीस तरी लागतील. सहाच्या आत आण. लिगाया, ते शेवग्याचं सारण डुकरांना घाल. नवा कोबी काढ, गाजर किस, मूग किती उरलेत बघ. पासिंग, प्रार्थना तूच सांगतेस ना?

पासिंग : मीच, बाई. आठही दिवस मीच.

रोसेन्दा : मग आज त्याचं पूर्ण नाव घे. आर्नेल या गावात तिघं आहेत. गेलाय तो माझा.