सुभेदारकाकांची जागा

रघुनंदन : तिथे नको, इकडे उजव्या बाजूला बस. हां. आता सांग, शाल्मली, कसला सत्कार म्हणतेस?

शाल्मली : तुमचा, सुभेदारकाका! शनिवारी, आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये. सगळे पेरेंट्स येणारेत. शाल, श्रीफळ, मुलांचं गाणं. इतकी वर्षं रोज सकाळी शाळेसमोर उभं राहून तुम्ही आमच्या मुलांना रस्ता ओलांडून देताय. कोण करतं हो एवढं?

रघुनंदन : अय्यो, शाल कशाला? बेंगळुरात आता थंडी तरी कुठे उरलीय! स्वल्प कॉफी घे आधी. निवतेय.

शाल्मली : घेते.

रघुनंदन : उभं तारुण्य फौजेत काढलं मी, अम्मा. माणसाला घरी पाठवायचं ठरलं की तिथे आधी बँड वाजवतात. तू बँड घेऊन आलीयेस.

शाल्मली : नाही हो काका, तसं काही नाही...

रघुनंदन : मग कॉफी तशीच हातात धरून का बसलीयेस? सरळ बोल. गोळीबार झेललाय मी, तुझं बोलणंही झेलेन.

शाल्मली : परवाचा तो पाण्याचा टँकर, काका. किती हॉर्न देत होता! अख्ख्या सर्जापूर रोडला ऐकू गेला असेल. तुम्ही वळलाच नाहीत. पोरं अर्ध्या रस्त्यात, आणि माझा वेदांत सगळ्यांत पुढे. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला म्हणून... डोळे मिटले की तेच दिसतं मला. ग्रुपवर सगळे बोलले, आणि सांगायला मलाच पाठवलं.

रघुनंदन : तुलाच का?

शाल्मली : तुम्ही माझं ऐकाल म्हणून. पण मला लाज वाटते हो! कोविडात माझ्या सासऱ्यांसाठी व्हाइटफील्डहून ऑक्सिजनचा सिलिंडर स्कूटरला बांधून कोणी आणला? आमची सख्खी माणसं तेव्हा फोन उचलत नव्हती. आणि आज मीच तुम्हाला 'नका येऊ' म्हणायला आलेय.

रघुनंदन : डोळे पूस. आलीस ते बरं केलंस.

शाल्मली : चिडला नाहीत?

रघुनंदन : चिडलोय तर! स्वतःवर. डावा कान कधीचा गेलाय माझा. म्हणून रस्त्याकडे उजवा कान करून उभा राहायचो. वाटायचं, भागतंय. परवा कळलं, उजवाही चाललाय.

शाल्मली : मग कुणाला सांगितलं का नाहीत?

रघुनंदन : सांगितलं असतं तर सकाळी उठून करू काय? बायको गेल्यापासून, माझी गोदू गेल्यापासून, हे घर खायला उठतं. तिथे पोरं 'ताता, ताता' करत बोट धरतात, आजोबाच की मी त्यांचा! पंच्याहत्तरी उलटली, सुंभ जळला, पण पीळ काही जाईना. मोह सुटला नाही, अम्मा.

शाल्मली : काका...

रघुनंदन : ऐक. एकाहत्तरच्या लढाईनंतर आम्ही वाळवंटात सुरुंग काढत होतो. पालथं पडून, बोटांनी माती चाचपत. सकाळी ज्याचा हात स्थिर नसेल, त्याने आपणहून सांगायचं, 'आज मी नाही.' का म्हणून कुणी विचारायचं नाही. तो त्या दिवशी लंगरात रोट्या भाजायला. पण आपली जागा दुसऱ्याला नीट दाखवून द्यायची, मगच निघायचं. मी हे परवाच सांगायला हवं होतं. आता सांगतो. उद्यापासून मी नाही.

शाल्मली : थँक यू, काका. आम्ही एजन्सीचा गार्ड ठेवतोय तिथे.

रघुनंदन : गार्ड तेव्हाही होता. आमच्या मानसिंग वॉचमनची पोर गाडीखाली गेली ना तिथे, तेव्हा. शाळेचं गेट सोडायचं नाही असा हुकूम होता त्या बिचाऱ्या गार्डला. दुसऱ्या दिवसापासून मी उभा राहिलो. तिथे असं कुणीतरी हवं, ज्याचं स्वतःचं पोर त्या घोळक्यात आहे. तू उभी राहा.

शाल्मली : मी? अहो, नऊला माझा कॉल असतो! आणि कन्नडही धड येत नाही मला.

रघुनंदन : शाळा साडेआठला भरते. आणि वर केलेला हात बघायला कन्नड कशाला लागतं?

शाल्मली : भीती वाटते, काका. खरंच.

रघुनंदन : वाटू दे. मलाही रोज वाटायची. ऊठ बघू.

(शाल्मली कप खाली ठेवून उभी राहते.)

रघुनंदन : हात वर कर. आणखी वर. तळवा गाडीकडे. सरी, बरोबर. आता बघ, पण गाडीकडे नाही, ड्रायव्हरच्या डोळ्यांत. त्याने तुला पाहिलं याची खात्री पटली की मगच पोरांना हाक मारायची.

शाल्मली : आणि पाहूनही तो थांबला नाही तर?

रघुनंदन : तर पोरं मागे ठेवायची, अम्मा. आपण पुढे.