मनोरीला निघालेलं आसाईचं बेट

तोडा म्हणून सांगून सांगून मी थकलो, भाऊ, आणि तुम्ही ऐकलं नाहीत. हे आधी बोलून घेतो, मग सगळ्यांना मान देतो. आदरणीय अध्यक्ष चंद्रप्रकाशजी, व्यासपीठावरचे पाहुणे आणि आपल्या दहिसरच्या चाळीतल्या मंडळींनो, नमस्कार. आवाज माझ्या बहिणीचा, मीराचा आहे. भांडण माझं, सर्वेशचं; ब्राझीलहून लिहून पाठवलंय.

चाळ पडतेय, टॉवर येतोय. इतकी वर्षं चाळीची बाग सांभाळणाऱ्या माझ्या वडिलांना, भाऊंना, आज तुम्ही निरोप देताय. भाऊ मनोरीला कुंदाआत्याकडे जाणार. मग न्हाणीमागच्या आसाईच्या बेटाचं काय?

आसाई म्हणजे इथली, ब्राझीलची, पोफळीसारखी बारीक झाडं. एका बुडातून घोळका निघतो. पायात दोरीचा फास अडकवून मी त्यावर चढतो, फळांचे घड उतरवतो, हेच माझं काम. पहिल्या सुट्टीला मूठभर बिया आणल्या, त्या आईने तेलाच्या डब्यात लावल्या. पुढे काळी फळं धरली. पोरांनी चावून थुंकली, "काय यार, नुसती बी!" आई मात्र ती कोमट पाण्यात कुस्करून रस गाळायची. मी सांगितलं, इथे हा रस माशांबरोबर खातात. म्हणाली, "मग त्यात काय मोठं? आपण सोलकढी पितोच ना!"

आई गेली तेव्हा मी आलो नाही. फोन आला. मी कामावर गेलो, घड उतरवले, जेवलो. रडू आलं नाही, अजूनही नाही. पैसे पाठवले, ते भाऊंनी परत केले. "पैशे नको माका. तू येवक व्हयो होतस."

आता बिल्डरचा जेसीबी येणार. उंच झाडं काही मनोरीला जात नाहीत; ती कापायची आणि बुडाचे कोंब मुळांसकट उचलायचे. भाऊ म्हणतात, "तुझ्या आवशीन लावलल्या झाडाक कोयतो? माझ्याच्यान जमाचा नाय."

त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे माड पडला तरच त्याचा गाभा खायला मिळतो. भाऊंना गाभा म्हणजे मयताघरचं जेवण. पण भाऊ, हा माड नाही. माडाला एकच शेंडा. इथे आम्ही उंच खोड कापतो, गाभा भाजीला घेतो, आणि त्याच बुडातून दुसरं वर येतं. रोज बघतो मी.

उद्या सकाळी कोयता चालवा. तुमच्याने होत नसेल तर मीराला फोनवर दाखवतो, ती चालवेल. गाभा चाळीत वाटा.

चंद्रप्रकाशजींनी जेसीबी रविवारपर्यंत थांबवून धरला, त्यांचे आभार. पाहुण्यांची नावं राहिली. शाळा मी सातवीत सोडली आणि हे भाषण पहिलंच; चूक पदरात घ्या.

मी येत नाहीये, भाऊ. टेम्पो, मार्वे जेट्टीवरून होडी, खाडीपलीकडे मनोरीत खड्डे खणायला माणसं, एवढ्यासाठी पाठवतोय. हे पैसे माझ्या जागी नाहीत. झाडांचे आहेत. एवढे तरी परत करू नका.

बारा हजार पाचशे.