दोघांत वाजू नये म्हणून

मंगळवारी सायंकाळी, आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातील प्रतीक्षागृहात, एक वयस्क शिंपी आणि त्यांच्या पत्नी माझ्या पाठीमागील बाकावर येऊन बसले. त्यांचे जे संभाषण माझ्या कानी पडले, ते असे :

“अहो, पिशवीतला पट्टा काढा आणि मानेला बांधा. आता नंबर येईल.”

“तूच बांध. माझ्या बोटांनी काही धरवत नाही.”

“हे बरं आहे! डॉक्टरांकडे येताना पट्टा बांधायचा, आणि त्या मणके बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे जाताना जिन्यातच सोडायचा.”

“तो हसतो पट्ट्याला.”

“हाडं ठिसूळ झालीत, मानेला कुणाचा हात लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं ना?”

“मला वाटलं, धंद्यातला मत्सर.”

“आणि त्याने एक्स-रे मागितला तेव्हा?”

“काढलाच नाही म्हणालो. त्यावर डॉक्टरांचं नाव आहे. उगाच दोघांत वाजलं असतं.”

“वाजू द्यायचं होतं! भांडायला म्हणून तरी एकमेकांशी बोलले असते. त्याने मान कडकन मोडल्यापासून कात्री तरी धरवते का?”

“उजव्या हाताने नाही.”

“म्हणजे? डाव्याचं काय?”

“कालपासून त्यालाही मुंग्या येतात.”

“आणि हे मला आत्ता सांगता?”

“तू घाबरली असतीस. आता आत गेल्यावर काय सांगू?”

“सगळं. मी त्या कायरोप्रॅक्टरला फोन लावते आणि डॉक्टरांच्या हातात देते. उजवा हात गेला असं धरून चाला. डावा वाचवायचा असेल, तर आज त्या दोघांना बोलू द्या.”