दाराले लावलेली वीट

प्राचार्य साहेब, मॅडम लोक, पोरींनो, अन् सुहास सरांच्या घरून आलेल्या ताई,

सारे आले, बरं केलं. मले बोलता येत नाही. म्हणजे भांडता येते, असं उभं राहून बोलता येत नाही. चौथीतच शाळा सुटली माही. त्यात समोर सरांचा फोटो. ज्यायले मी "चहा थंडा होऊन राहिला जी" म्हणून ओरडत होती, त्यायले आज हार. कसं बोलावं माणसानं?

लवकर आटोपते. मले राहवत नाही आहे. माह्यं सारं ध्यान हापिसाच्या त्या कोपऱ्यातल्या दाराकडं आहे. ते मंग सांगते.

ज्यायले माहीत नाही त्यायले सांगते. मी बेबीबाई, इथली शिपाई. सुहास सर शाळा-कॉलेजांचे कॉम्प्युटर तपासायचे. चोर यायच्या आधी आपणच चोरासारखं घुसून पाहायचं, अन् भोक कुठं आहे ते मालकाले सांगायचं. हे त्यायचं काम. आपल्या कॉलेजनं काहून बोलावलं त्यायले? पोरींचे फोन नंबर बाहेर गेले म्हणून. कोण कुठले माणसं फोन करून काहीबाही बोलत. माह्या पल्लवीलेही आले. इथंच शिकते ती. पोरगी घरी बसली. "मी नाही जात वं आई," म्हणे.

सर पहिल्यांदा आले तेव्हा हातात संत्रा बर्फीचा डबा. "मुलगी पास झाली जी, तोंड गोड करा." साऱ्यायनं बर्फी उचलली. मीही उचलली. नाव कोणी विचारलं? कोणीच नाही. अन् सर्व्हरच्या खोलीचं दार तर उघडंच. एसी फक्त त्याच खोलीत. बाहेर ऊन हे असं, कूलर गरम वाफ फेकते. म्हणून आपण त्या दाराले वीट लावतो, थंडी हवा हापिसात यावी म्हणून. सर आरामात आत गेले. मशिनीले कायतरी जोडलं. बाहेर येऊन साहेबांले आपल्या लॅपटॉपवर पोरींचे नंबर, पत्ते, फोटो दाखवले. साहेबांची बर्फी हातातच राहिली.

मी विचारलं, "अन् मुलगी?"

"मावशी, मले दोन्ही पोरंच आहेत. बर्फी तर खरी होती ना?"

"असं फसवते का जी माणसाले?"

"मीच फसवलं ना, चोरानं नाही. शुकर करा देवाचं."

मंग सर रोज आले. पासवर्ड बदलवले, जुने बंद केले. दाराचं तेवढं राहिलं. सर वीट उचलून बाहेर ठेवत, जेवणाच्या सुट्टीत ती परत जागेवर. सर चिडत. "मावशी, आतून मी कितीही कुलपं लावतो, तुम्ही दारच उघडं ठेवता!" हापिसातले हसत. "सर, चोर येईल तेव्हा येईल, ऊन तर आजच आहे."

एक दिवस माह्याच फोनवरून पल्लवीशी बोलले. "पोरी, तू काहून लपून बसतं? लपायचं त्यायनं. मी आणखी एकदा चोरासारखा येणार आहे. मले घुसता आलं नाही, तर तू दुसऱ्या दिवशी कॉलेजात ये." पोरगी हो म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हो म्हणाली.

अन् सर आलेच नाही. छातीत दुखलं, धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं, तिथंच संपलं.

आता इथं सारे म्हणून राहिले, सर देवमाणूस होते. ताई, रागावू नका, पण देवमाणूस कायचे? चिडके होते. घास तोंडात अन् नजर दारावर. त्यायच्या फोटोले हार घातला आपण. अन् तिकडं पाहा. पाहा ना, वळवा माना! वीट तिथंच आहे. शोकसभेत लोकांले गरम होईल म्हणून आज सकाळी लावली. कोणी लावली, मले माहीत आहे. नाव घेत नाही.

पल्लवी आज आली आहे. मागं बसली. सरांसाठी आली, कॉलेजसाठी नाही. उद्या येतं का म्हणून मी विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारू?

साहेब, दोन मिनिटं शांत उभं राहायचं म्हणता. राहू ना. पण जरा थांबा. आधी मले ती वीट उचलू द्या. दार लागल्याचा आवाज सरांच्या फोटोपर्यंत येऊ द्या, मागच्या रांगेपर्यंत येऊ द्या. मंग उभे राहा. घाम येईल. येऊ द्या.

सर, दार लावून राहिली मी. या आता. घुसून दाखवा.