कोमलचा उजवा हात

बी.एड.च्या वेळी राहू गावच्या शाळेत मी घेतलेल्या पाठाचं तुम्ही अजून कौतुक करता, म्हणून आज खरं काय ते सांगूनच टाकते. आमच्या कॉलेजचे सर मागच्या बाकावर बसून मला मार्क देणार होते. मी आदल्या दिवशीच सातवीच्या पोरांना पढवून ठेवलं, "हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा." कोमल नावाच्या मुलीला तर वर म्हटलं, "तू आपला डावाच कर."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "भरती-ओहोटी कशामुळे येते?" झाडून सगळे हात वर गेले. कोमलचा उजवा होता. मला वाटलं, हिला डावं-उजवंसुद्धा कळत नाही. मी दुसरीला उठवलं. सरांनी शेरा दिला, "वर्गाचा प्रतिसाद उत्तम."

तास सुटल्यावर मी खुशीत फळा पुसत होते. कोमल जवळ येऊन उभी राहिली.

"हात चुकलीस ना गं?" मी हसत विचारलं.

"न्हाई मॅडम. मला येत व्हतं."

माझा हात फळ्यावरच थांबला. म्हटलं, "मग आता सांग की."

"आता कशाला मॅडम? सर तर गेले."